गाडीवर तुमचं नाव

ब्लॅकटाउन, सिडनी

ती. बाबा,
नमस्कार. मी मजेत आहे.

जुनी गाडी घेतली. इथे विम्याची ग्रीन स्लिप काढावीच लागते, पण ती फक्त माणसांच्या दुखापतीपुरती. गाड्यांचं नुकसान आपल्याच माथी. म्हणून तुम्ही ओरडायच्या आत फुल इन्शुरन्सही काढला.

फोनवरच्या बाईने विचारलं, “गाडी आणखी कोण चालवणार?” मी तुमचं नाव सांगून टाकलं. “ते तुमच्याकडे राहतात?” “येणारेत,” म्हटलं. प्रीमियम वाढला, वाढू दे.

गुडघा कसा आहे? व्हिसाचे कागद अजून कपाटातच ना?

पुण्यात तुमची गाडी नेली की सीट परत मागे सारायला मी विसरायचे, तुम्ही चिडायचात. इथे रोज उतरताना सीट तुमच्या मापाला सारून ठेवते.

तुमची,
नीरजा