खाट क्रमांक सात

ता. ३ फेब्रुवारी
ती. अक्कास, सा. न. वि. वि.

भावोजींच्या हृदयाची झडप बदलायची ठरली हे वाचून जेवण गेलं नाही. म्हणजे थोडंसंच गेलं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यावर स्वतःचा सुटा भाग बदलून घ्यायची वेळ यावी! नव्या झडपेची हमी किती वर्षांची, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं, हे तू लाजून कळवलं आहेस. मला तो प्रश्न रीतसर वाटला.

प्रार्थना कर म्हणतेस. अक्का, पंचवीस वर्षं मी पोरांकडून स्तोत्रं पाठ करून घेतो आहे. देवाशी माझे संबंध आता निव्वळ कार्यालयीन उरलेत. तरी केली, संस्कृतातून. भावोजींना सगळं गाव मिस्त्री म्हणतं आणि देवाकडे मिस्त्री पुष्कळ असणार. घोळ नको म्हणून पूर्ण पत्ता दिला: रुग्णालय, तिसरा मजला, खाट क्रमांक सात.

माझ्या वात्रटपणासकट माया आहे तशी ठेवावी.
तुझा पंतोजी

ता. ११ फेब्रुवारी
चि. पंतोजीस अनेक आशीर्वाद.

तुझी प्रार्थना पोचली. यांना खिडकीचा वारा लागतो म्हणून मीच हट्ट करून यांना अकरा नंबरला हलवलं. सातवर एक निवृत्त पोस्टमन आले. नातेवाइकांना बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ते उठून बसले आणि चहात साखर कमी म्हणून भांडले. काल चालत घरी गेले.

यांची शस्त्रक्रिया सोमवारी झाली. झडप बसली म्हणतात, पण शुद्ध नाही. काचेच्या खोलीत ठेवलंय, तिथे एका वेळी एकालाच बसू देतात. डॉक्टर म्हणतात वाट पाहू, आणि म्हणताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात. मी येईल त्याला सांगते, देवावर सोडलंय. सोडलं कसलं, दर दहा मिनिटांनी यंत्रावरचे आकडे वाचते. हसू नकोस. मला भीती वाटते.

तुझी अक्का

ता. १३ फेब्रुवारी
ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पोस्टमनांना दीर्घायुष्य लाभो. माझा अर्ज तिकडे वाचला जातो, एवढं तरी सिद्ध झालं.

काल शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून पुन्हा प्रयत्न केला. एकही स्तोत्र आठवेना. फळ्यावर पोरांनी माझं चित्र काढलं होतं, पोटाच्या बाबतीत अन्याय करणारं. त्याच्याकडे बघत साध्या मराठीत म्हटलं, अक्काला एकटी ठेवू नकोस. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की हे काम मलाही जमण्यासारखं आहे. मुख्याध्यापकांनी आठ दिवस रजा दिली. त्यांच्या मते संस्कृतावाचून मुलं तेवढे दिवस तग धरतील. पंधराला सकाळी पोचतो. पत्राआधी मीच आलो तर हे वाचायचे कष्ट घेऊ नकोस.

तुझा पंतोजी

ता. २ मार्च
चि. पंतोजीस अनेक आशीर्वाद.

यांना काल घरी आणलं. जिना चढताना, कठड्याचे स्क्रू ढिले झालेत, असं म्हणाले. म्हणजे बरे आहेत.

तुला एक सांगायचं राहिलं. तू आलास त्या दुपारी माझ्या जागी तुला आत बसवून मी बाहेर आले, तेव्हा देवाकडे काहीच मागितलं नाही. मागून मागून थकले होते. म्हटलं, देवा, तुला करायचं ते कर. हे राहिले तरी, न राहिले तरी, मी तुला सोडून जायची नाही. मग बाकावर आडवी झाले ती झोपलेच. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच आकडे कुणी वाचत नव्हतं; तू तर नव्हतासच.

त्यामुळे यांनी डोळे उघडले तेव्हा मी समोर नव्हते. आता येईल त्याला ऐकवतात की मरणाच्या दारातून परत आलो, तर बायको गायब आणि मेहुणा घोरतोय. मी ऐकून घेते. फार छान झोप लागली होती रे.

येत जा, आणि येताना पूर्वसूचना न देण्याइतका आपलेपणा राहू दे.
तुझी अक्का