तुझ्यासोबत कोण होतं?

तलास खोरे,
बुधवार, ७ ऑक्टोबर १९९८

जुस्टिना,

सलाम. आपल्यात पत्राची सुरुवात 'प्रभूमध्ये सलाम' अशी करतात, आणि मंडळीतून बाहेर काढलेल्या माणसाला लिहिताना 'प्रभूमध्ये' गाळतात. तू हे विसरली नसशील. चोवीस वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, त्यामुळे गाळायची वेळच आली नाही. तुझी नाताळची कार्डं मात्र जर्मनीहून दरसाल पोचली. सगळी जपून ठेवली आहेत.

इकडे सगळं ठीक आहे. बटाटे काढून झाले. दोन मधमाश्यांच्या पेट्या गेल्या, तीन तगल्या. तुम्ही सगळे जर्मनीला गेलात आणि गावात आपल्या जर्मन लोकांची नऊ घरं उरली. पेनरांच्या बैठकीच्या खोलीत आता एक किर्गिझ न्हावी बसतो. हात चांगला आहे, मीही त्याच्याकडेच जातो. रविवारी प्रार्थनाघरात माझ्यासकट अकरा डोकी असतात. त्यांतली चार बहिरी आहेत आणि उरलेल्यांना माझा उपदेश ऐकून झोप लागते. पाळक म्हणून माझी एवढीच मिळकत.

तुझी वहिनी नेटा चार वर्षांपूर्वी गेली. तुला कळवलं नाही. कळवायचं तर चार चांगले शब्द लिहावे लागले असते, आणि तुझ्यासाठी चुलीजवळ वेगळं टेबल तिनंच मांडलं होतं, वेगळी ताटली, वेगळा चमचा. बाहेर काढलेल्यासोबत एका टेबलावर जेवायचं नाही, नियमच तसा होता. पण मी घरात होतो, आणि माझं टेबल तिथून चार पावलांवर होतं.

दुसरी बातमी म्हणजे तोक्तोसुन गेला. अपाचा मुलगा तोक्तोसुन. गेल्या महिन्यात, सफरचंदं उतरवताना बसल्या बसल्याच. मला सारखा तो बेचाळीस सालचा हिवाळा आठवतो. जर्मन म्हणून आधी बाबांना कामाच्या छावणीत नेलं, मग आईला, आणि नदीपलीकडच्या किर्गिझ आयिमकान अपानं आपल्याला उचलून स्वतःच्या घरात नेलं. मी सात वर्षांचा, तू चारचीही नव्हतीस. एक गाय, एक पांघरूण, आणि त्याखाली आपण तिघं. तोक्तोसुन मधे झोपायचा नाही, कारण तू लाथा मारायचीस. पाच वर्षांनी हाइनरिश काका आपल्याला न्यायला आला, तेव्हा तू काकाला चावलीस.

त्याच्या मौतीला मी जाऊन आलो. लांबूनच, मान वाकवून. शेजारधर्म म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तोक्तोसुनची नात गुलझात दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळीत आली. शाळेत शिकवते. मीच तिला कालव्यात बाप्तिस्मा दिला. तेव्हा तिच्या घरचे सगळे तिच्याशी बोलेनासे झाले. एकटा तोक्तोसुन म्हणाला, "देवाचं देवाजवळ. माझ्या घरात पोरगी उपाशी बसणार नाही." आणि तिला स्वतःशेजारी बसवून जेवू घालायचा. तो गेला तेव्हा ती मौतीच्या तंबूत बसली, बायकांबरोबर गळा काढून रडली, आणि मौतीचं जेवण जेवली. तिनं ते लपवलं नाही, आणि अब्राम एझाऊला कळलं. तो आता मंडळीत सगळ्यांत वडीलधारा. काल दुपारी फाटकापाशी येऊन उभा राहिला.

"कोर्नेलियस, कुराण वाचलेलं अन्न खाल्लंय पोरीनं. रविवारी सभा घ्यावी लागेल."

"आजोबा होता रे तिचा."

"आणि जुस्टिना तुझी सख्खी बहीण होती. तेव्हा नात्यानं तुझा हात धरला नाही. मग आता का धरतोय?"

मी फाटकाची कडी लावली. अब्राम वाईट माणूस नाही. तो जे म्हणाला ते खरंच होतं, आणि म्हणूनच कालपासून डोक्यातून जात नाही.

टिना, मला भीती वाटते. हे कुणाला सांगितलेलं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी मी भाकर मोडतो, आणि दारापासूनच्या तिसऱ्या बाकावरून अपाचा आवाज येतो. "केरिम, ये रे, गार होतंय." तिला कोर्नेलियस म्हणता यायचं नाही, तुला आठवत असेल. भर सकाळी, लख्ख उजेडात हा आवाज येतो. मी बाकाकडे बघतो, तिथं कुणी नसतं. चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलपासून हे चाललंय. तुकडा घशाखाली उतरत नाही, मी तो तोंडात धरून बसतो आणि नंतर रुमालात घेतो. पाळक मी, आणि ही माझी तऱ्हा.

तुला एक विचारायचं होतं. त्या सभेत तुला प्रश्न विचारला, "तुझ्यासोबत कोण होतं?" तेव्हा तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंस आणि मग—

जाऊ दे. इतक्या वर्षांनी कशाला. टपालाची गाडी सोमवारी जाते.

कोर्नेलियस उनराऊ
पाळक


रविवार, ११ ऑक्टोबर, दुपार

टिना,

आधीचं पत्र फाडणार होतो. पण ते असू दे. बुधवारपर्यंत तुझा भाऊ काय लायकीचा होता, ते तुला दिसू दे. त्यात एक वाक्य खोटं आहे. तोक्तोसुनच्या मौतीला मी लांबून गेलो नव्हतो. मी कमरेला पट्टा बांधून, काठीवर भार टाकून, त्याच्या मुलांच्या रांगेत तंबूबाहेर उभा होतो. पाहुणा आला की मुलगे ओरडून रडतात तसा रडलो. मग आत नेऊन त्यांनी मला भावाच्या वाट्याचं मांस दिलं, आणि मी ते बोटं चाटून खाल्लं.

आणि अपा गेली तेव्हाही मी तेच केलं होतं, तुला ठाऊक आहे. आज सकाळपर्यंत जगात ते तुला एकटीलाच ठाऊक होतं. आपलं गाव तेव्हा नदीच्या अलीकडे, अपाचं घर पलीकडे, आणि आपल्यातलं कुणी तिकडे फिरकत नसे. तू तंबूत, मी बाहेर काठी घेऊन. नंतर आपण एकाच परातीतून जेवलो. हाडाला चिकटलेलं मांस तू सोडवून माझ्या पुढ्यात टाकलंस, माझा दात दुखत होता म्हणून. परतताना पुलावर मी म्हणालो, "हे घरी बोलू नकोस." तू म्हणालीस, "मी कशाला बोलू? पण विचारलं तर खोटं कशाला बोलायचं? अपानं पहिला घास भरवला तेव्हाही बिस्मिल्ला म्हणूनच भरवला. त्यानं विटाळलो नाही आपण, जगलो."

कुणीतरी विचारलंच, आणि सभेत तू हेच बोललीस. वर असंही म्हणालीस की, आत्मा जिवंत असला की माणूस रडणाऱ्याबरोबर रडतो, त्याला नियम विचारून यावं लागत नाही. कारागांडाच्या मोठ्या मंडळीकडून आलेले ते थोर बंधू लालबुंद झाले आणि त्यांनी विचारलं, "तुझ्यासोबत कोण होतं?" घड्याळाकडे बघून तू म्हणालीस, "कुणी नाही." आयुष्यात तू बोललेलं एकच खोटं, टिना, आणि ते माझ्यासाठी. मी तुझ्यापासून दोन बाकं मागे होतो. तुला काढायला हात वर झाले, त्यांत माझा होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, पण त्याच घरी बरोबर जेवलेल्या बहिणीला मोजून देणारा मी एकटाच असेन.

त्यानंतर वर्षभरात मला पाळक केलं. घरच्याला पाठीशी घातलं नाही, म्हणाले, असा माणूस हवा. चोवीस वर्षं मी शास्त्र शिकवलं, पण प्रेषित पेत्र परक्यांच्या पंगतीत जेवत होता आणि यरुशलेमची माणसं येताच उठून गेला, तो उतारा एकदाही वाचला नाही. पानं दोन दोन उलटायचो.

आजचं सांगतो. गुलझात पुढच्या बाकावर बसली होती, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. अब्रामनं विचारलं, "जेवलीस?"

"जेवले."

"पश्चात्ताप होतो का?"

"आजोबा मेले याचं दुःख होतं. जेवल्याचं नाही होत."

आणि मग त्यानं तोच प्रश्न विचारला. तेच शब्द, त्याच जागी. "तुझ्यासोबत कोण होतं?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंसंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणी नाही."

 तूच बसली आहेस तिथं, असं वाटलं. तिसऱ्या बाकावरून अपा म्हणाली, "केरिम, गार होतंय." आणि ऐक, मी तेव्हाही बोललो नाही. अब्राम म्हणाला, "बाहेर काढायच्या बाजूनं कोण?" आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो आपणहून गेला, चोवीस वर्षांच्या सवयीनं. तो हात मी वर बघितला तेव्हा मला त्याची किळस आली.

मग मी उभा राहिलो. अब्रामला वाटलं मी प्रार्थना सांगणार, त्यानं डोळेही मिटले. मी म्हणालो, "मी होतो. काठी घेऊन उभा होतो आणि जेवलो. आणि चौऱ्याहत्तर साली जुस्टिनासोबतही मीच होतो. ती खोटं बोलली, मला वाचवायला. मी गप्प बसलो, स्वतःला वाचवायला. आता काढायचं तर आधी मला काढा."

बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून दोनदा सांगावं लागलं. अशी गोष्ट दुसऱ्यांदा ओरडून सांगायची म्हणजे काय असतं, ते तुला लिहून सांगता येणार नाही.

अब्राम म्हणाला, "चोवीस वर्षं तुझ्या हातची भाकर खाल्ली आम्ही, कोर्नेलियस." तो रडत होता. रडत रडतच त्यानं हात वर करायला सांगितले, दोघांसाठी एकत्रच. आठ हात वर झाले. म्हातारी सुसान्ना टोएव्सचा झाला नाही. तिला ऐकू आलं नाही की आलं, देव जाणे. मी मंडळीचा शिक्का खिशातून काढून टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर मी गुलझातला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस? वाचली असतीस."

ती म्हणाली, "काका, तुम्ही तिथं रडत होतात. रडणाऱ्या माणसाचं नाव कसं सांगायचं?" मग म्हणाली, "आता जेवणार कुठं? आमच्याकडे चला, आजीनं आपल्या दोघांचाही भात लावलाय." तिच्या आजीला आधीपासून कसं माहीत होतं, ते मी विचारलं नाही. गेलो आणि पोटभर जेवलो.

लोक म्हणतात, बंधनातून सुटला की माणसाला मोकळं वाटतं. मला मोकळं नाही वाटत, उघडं वाटतं. नियम होते तेव्हा सकाळी उठून काय करायचं ते ठाऊक असायचं. आता प्रत्येक माणसाकडे बघून नव्यानं ठरवावं लागेल, आणि मला त्याची सवय नाही. तुला ती चौथ्या वर्षापासून होती. आज मी बोललो ते आत्म्यानं वदवलं, की उरलेल्या अकरा जणांत गमवायला काही नव्हतं म्हणून बोललो, हेही मला सांगता येत नाही. दोनशे माणसं असती तर? ही शंका माझ्याबरोबर कबरीत जाईल. अपाचा आवाजही थांबलेला नाही. हे लिहितानाही आला.

आणखी एक उरलंय, ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येत नाही. नव्वद साली तुझ्या तिकडच्या मंडळीनं माझ्याकडे तुझ्याविषयी विचारणा केली होती. बहीण जुस्टिना उनराऊ इथं उपासनेला येते, तिला प्रभुभोजनाला घ्यावं का? मी मंडळीच्या शिक्क्याचं उत्तर पाठवलं. 'परधर्मीयांच्या मौतीचं जेवण एकटीनं जाऊन जेवली. पश्चात्ताप नाही.' 'एकटीनं' हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला. गेल्या वर्षी पेनरांचं पत्र आलं, त्यात सहज एक ओळ होती की तू दर महिन्याला शेवटच्या बाकावर बसतेस आणि भाकर फिरायला लागली की कोट उचलून बाहेर जातेस. आठ वर्षं. मी ते वाचलं आणि मधमाश्यांकडे गेलो.

ही माझी साक्ष आहे. आयिमकान अपाच्या घरी जुस्टिना एकटी जेवली नाही. तिचा भाऊ तिच्यासोबत जेवला. तिनं पाप केलं नाही. पाप मी केलं, गप्प बसून. तुझ्या मंडळीला दाखवायचं तर दाखव, जाळायचं तर जाळ. माफी मागत नाही, कारण ती मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी काही लादायचा मला हक्क नाही.

बाहेर काढलेल्या माणसाची साक्ष मंडळीत धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तो नियम मीच त्यांना शिकवला. सकाळपर्यंत माझ्या एका ओळीनं तुला भाकर मिळाली असती, आणि सकाळपर्यंत ती ओळ मी लिहिली नाही. आता लिहितो आहे, शिक्क्याशिवाय, आणि आता तिची किंमत शून्य आहे. तरी सही खाली करतो आहे.

प्रभूमध्ये सलाम, माझ्या बहिणी.

तुझ्यासोबत होता तो,
कोर्नेलियस