प्राचीन नगरीतील शेवटचे दार उघडे रंगवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
शहर सुशोभीकरण विभाग.

विषय : बाजारातील लांब भिंतीवर रंगवलेल्या प्राचीन नगरीच्या रस्त्यावरील एक दार उघडे करून मिळण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व ‘भिंतीस धोका नाही’ हे आपले उत्तर.

महोदय,

१. मी कुलूप-किल्लीवाला. माझे दुकान सदर भिंतीच्या समोर आहे. रंगाऱ्याने नगरीतील चेहरे पुस्तकातून न घेता आमच्यातलेच घेतले. पोस्टमन तेलविक्या झाला, न्हावी धान्य मोजायला बसला. माझी पत्नी दोन दुपारी कमरेवर घडा घेऊन उभी राहिली. नंतर आठवडाभर तिची पाठ धरली होती. उद्घाटनाआधीच ती वारली.

२. तिला विहिरीजवळ रंगवले होते, याला आपल्याच कार्यालयाचा फोटो साक्षी आहे. पावसाळ्यानंतर ती कुंभाराच्या दुकानापुढे आढळली. तसे कळवले असता आपले अभियंते भिंत ठोकून गेले. लिपिक म्हणाले, “आजोबा, चित्रातली माणसं कुठं चालतात? चष्मा बदला.” चष्मा बदलला. आता ती जास्त स्पष्ट दिसते.

३. खरी अडचण पुढेच आहे. त्या रस्त्यावर अठरा घरे आहेत आणि एकही दार उघडे नाही. रंगाऱ्यास विचारले तर म्हणतो, “काका, दार उघडं काढलं की आतलं घरही रंगवावं लागतं. मुदत कुठं होती तेवढी?” म्हणजे एवढी नगरी उभारली, पण कुणाला घरात जायची सोय नाही. ती एकेक दार करत अठराव्या दारापाशी आली आहे. घडा खाली ठेवला आहे, हात दाराकडे उचललेला आहे. त्यापुढे भिंत संपते. साहेब, मला भीती वाटते.

४. चाळीस वर्षे मी लोकांची अडलेली दारे उघडली. या दाराला कुलूपच नाही, तिथे मी हात टेकले. रंगारी लेखी आदेशाशिवाय ब्रश उचलत नाही. तरी तेवढे एक दार उघडे रंगवण्याचा आदेश व्हावा. आत भांडीकुंडी, खाट काही काढू नये. नुसता काळा रंग पुरे. माझी झोप मोडू नये म्हणून ती पहाटे दिवा न लावताच घरात वावरत असे. अंधारात तिला सगळे सापडते.

आपला नम्र, समोरच बसलेला,
कुलूप-किल्लीवाला
दि. ९ मार्च

सोबत :
१. भिंतीचे फोटो, तीन
२. रंगाऱ्याचा होकार
३. आमच्या घराच्या दाराचे माप