पूल बंद आहे, पूर्णविराम

वुलगारा, न्यू साउथ वेल्स
१४ मार्च

ती. एनिड मावशीस थेल्माचा मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सगळे ठीक आहेत (कोंबड्या सोडून; पुरानंतर त्या रुसल्यात, अंडी देत नाहीत). दोन महिने पत्र नाही, कारण मी रागावले होते. आमच्या गावच्या सभागृहाचं पत्रक तू लाल शाईने तपासून परत पाठवलंस, एक्केचाळीस उद्गारचिन्हांभोवती गोल काढलेस आणि खाली लिहिलंस, 'थेल्मा, हे चिन्ह माणूस ओरडतो तेव्हा द्यायचं. तू दिवसभर का ओरडतेस?' जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईने सख्ख्या भाचीला इतकं टोचावं का, असं वाटलं. आज आभार मानायला बसलेय.

गेल्या शुक्रवारी दुपारी ओढ्याला पूर आला. सभागृहाची चिटणीस मी, म्हणून पुलाजवळच्या फळ्यावर सूचना लिहायचं काम माझं. मी खडूने लिहिलं, 'पूल बंद! पाणी चढतंय! थांबा!!!' (खाली दोन रेघाही ओढल्या.) पाच मिनिटांत क्लाइव्ह ट्रेलोअर (लाकडाच्या वखारीतला, विधुर, अबोल) पिकअप घेऊन सरळ पुलावर गेला आणि मधोमध बंद पडला. टपावर चढून बसला. मी काठावरून किंचाळले, "अरे, वाचता येत नाही का तुला?" तर तिथून म्हणतो, "वाचलं की! पण परवा तुझ्या केकविक्रीच्या पाटीवरही अशीच तीन उद्गारचिन्हं होती. वाटलं, असेल काहीतरी गंमत." शेजारच्या ग्वेंडाने ट्रॅक्टरला दोर बांधून त्याला ओढून काढलं, तोवर माझ्या कानात तुझंच वाक्य.

मी फळा पुसला आणि लिहिलं, 'पूल बंद आहे. पाणी गाडीच्या दारापर्यंत आहे.' बस्स. इतकं कोरडं लिहिताना मी कुणी परकीच बाई आहे असं वाटलं. तेवढ्यात शाळेची बस आली, आत एकोणीस पोरं. चालवणाऱ्या ऱ्होंडाने फळा वाचला, ब्रेक दाबला आणि बस आल्या वाटेने परत नेली. अर्ध्या तासाने पुलाचा पलीकडचा तुकडा वाहून गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अगं, तू एकही उद्गारचिन्ह दिलं नाहीस हे पाहिलं आणि बसच वळवली. म्हटलं, नक्की कुणीतरी गेलं."

मावशी, ती एकोणीस पोरं तुझ्यामुळे घरी पोचली. त्यांच्या आयांनी तुझ्यासाठी केक केलाय, सोबत पाठवतेय. (कडेचा तुकडा मी चाखलाय.)

तुझी ऋणी,
थेल्मा

ता. क. पत्र खरं तर यासाठी. क्लाइव्हने काल दाराखालून चिठ्ठी सरकवली: 'थेल्मा, माझ्याशी लग्न कर.' पुढे नुसता पूर्णविराम. तुझ्या नियमाने हा माणूस गंभीर आहे, की त्याला उत्साहच नाही? लगेच कळव.

आणखी एक ता. क. कळवू नकोस. पाकीट बंद करणार तोच तो आला, टोपी हातात, कान लालबुंद. मी हो म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलेच; ग्वेंडा घाबरून कुंपणावरून उडी मारून आली. लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी. चर्चमध्ये मला हाताला धरून न्यायला बाबा नाहीत. तू येशील?