खापरखेड्याचा मंगळ

सर, तुमची नात माझ्या वर्गात आहे. सुरुवात याच बातमीने करते, कारण ही तुम्हाला झोंबेल. ती बी.कॉम.ला आहे. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांसाठी आपल्या कॉलेजने खगोलशास्त्राचा प्राथमिक कोर्स काढलाय, त्यात तिने नाव घातलंय. बिगर-सायन्स पोरांपुढे उभं राहणं तुमच्या फिजिक्सवाल्यांना कमीपणाचं वाटलं, म्हणून तो भूगोलाच्या बाईच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडला, असं स्टाफरूममध्ये म्हणतात. खरं तर मी तो झडप घालून घेतला. तुमच्या दुर्बिणीच्या कपाटाची किल्ली आता माझ्या पर्समध्ये असते. ज्या दुर्बिणीला आर्ट्सवाल्यांनी हात लावायचा नाही अशी तुमची ताकीद होती, तिला इतिहासाची, मराठीची, अकाउंट्सची पोरं खुशाल हात लावतात. कधीकधी तर्रीपोहे खाऊन आलेले हात. मी मुद्दामच काही बोलत नाही.

तुम्हाला ती संध्याकाळ आठवत नसेल. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, कॉलेजच्या गच्चीवर तुमचं आकाशदर्शन, सगळ्यांना खुलं. तुम्ही विचारता, मंगळ कोणी पाहिलाय? आणि मी हात वर करते. आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात सगळी पोरं गच्चीवर झोपायची, आणि वीज केंद्राच्या चिमणीच्या टोकावर जो लाल दिवा दिसायचा त्याला आम्ही मंगळ म्हणायचो. कोणी सांगितलं होतं, देव जाणे. मी म्हणाले, "रोज पायतो सर, आमच्या खापरखेड्याले." मी दिव्याबद्दल बोलतेय हे तुम्हाला तिथेच कळलं होतं. तरी तुम्ही गोड आवाजात विचारलंत, "उगवतो कुठून?" "उगवत नाही सर, तेथीच राहते." "आणि ढग आले की?" "ढगातही दिसते सर, थोडा थोडा." एकेक उत्तर काढून घेत होतात, पोरं हसून हसून कठड्याला टेकली होती. मग म्हणालात, "बाई, ती चिमणी आहे. आर्ट्सवाल्यांनी कविता कराव्यात." त्यानंतर पदवी मिळेपर्यंत मी व्हरांड्यात दिसले की "काय मंगळबाई!" त्या रात्री घरी बाबांनी विचारलं, "काहून चूप हायस वं?" ज्या चिमणीखाली ते शिफ्ट करायचे तिचीच मला लाज वाटत होती, हे त्यांना कसं सांगणार? त्या लाजेसाठी मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही. तुमच्या शोकसभेत सगळे डोळे मिटून उभे होते. मी तुमच्या फोटोकडे टक लावून पाहत होते.

परवा माझा वर्ग त्याच गच्चीवर होता. मी विचारलं, मंगळ कोणी पाहिलाय? तुमच्या नातीने सीताबर्डीकडे बोट केलं. "ते काय मॅम, लाल! आमच्या घरूनही रोज दिसून राहते." टॉवरचा दिवा होता तो. माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न निघाला, "उगवतो कुठून?" ती म्हणाली, "उगवत नाही मॅम. तिथेच असते." पोरं हसण्याच्या तयारीत माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं मी याचीच वाट पाहत होते, सर. नुसते ओठ हलवायचे होते.

मी तिला जिन्याच्या भिंतीशी नेलं, डोकं भिंतीला टेकवायला लावलं, म्हणजे नजर हलत नाही. ही युक्ती तुमची नाही, क्वार्टरच्या गच्चीवर माझी मीच शोधलेली. खरा मंगळ पाण्याच्या टाकीच्या कडेशी होता, तो दाखवला. म्हटलं, दोन्हींवर लक्ष ठेव, जो सरकेल तो आकाशातला. ती डोकं न हलवता उभी राहिली आणि एकदम ओरडली, "मॅम, गेला! टाकीमागे गेला!" मग सगळ्यांनी त्या भिंतीला रांग लावली. खाली उतरताना ती म्हणाली, "आजोबांनी मला कधीच काही दाखवलं नाही मॅम. मी लहानपणी विचारलं की म्हणायचे, हा तुझा प्रांत नाही. मले तर तुम्हीच शिकवलं."

घरी येऊन मी चहा केला आणि हे लिहायला बसले. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तेवढं एक सांगून टाकते. तुम्हाला वाटेल, बाईंचं मन मोठं. तसं काही नाही. मी हसले असते, तर ती तुमचीच नात राहिली असती.