पाठीवरची चादर

दादा,

नागीण बरी झाली, तरी आईच्या पाठीची आग जात नव्हती. नुसती चादर टेकली तरी कळवळायची. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावर दिलेली गोळी फिट्सवरही देतात, हे कळताच तू फोनवर भडकलास, "आपल्या घरात कुणाला फिट येते? बंद कर ती!" तुझ्या गुडघ्याची सूज ज्या साध्या गोळीने उतरली, तीच तिला द्यायला लावलीस. महिनाभर ती उशी चावत रडली. तुला मात्र म्हणायची, "बरंय रे."

शेवटी डॉक्टरांना विचारून मी जुनी गोळी पुन्हा सुरू केली. आज ती चादर ओढून झोपली. झोपताना मला शपथ घातली, "त्याला सांग, त्याच्याच गोळीने गुण आला."

हे पत्र न पाठवता फोनवर तसंच सांगेन. तू म्हणशील, "बघ, मी सांगत नव्हतो?"

धाकटी