मागची खोली

४ जानेवारी २००४, रविवार
तीन दिवसांच्या शिबिरातून परतलो. पंचेचाळीस वर्षं मी इतरांसाठीच जगलो, हे तिथं कळलं. उद्यापासून एकवीस दिवस पहाटे पाच ते सहा एकांत, ध्यान, स्वतःवर प्रेम. घरात निवांत जागा एकच, मागची खोली. त्या वेळी तिथं अव्वा इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसते. तिला विचारलं. म्हणाली, बस की संगू, मला कुठंबी चालतंय. आईचं मन मोठं.

५ जानेवारी, ५.१०
बसलो. ५.२५ ला जाग आली. सुरुवात म्हणून ठीक.

८ जानेवारी
आरशात बघून ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं अकरा वेळा म्हणायचं. आरसा खोलीत नेला. दानेश्वरीनं विचारलं, मग मी टिकली कशात बघून लावू. बायकोला साधनेची कदर नाही. चार वेळा म्हणालो. पुढं लाज वाटली.

१३ जानेवारी
ध्यानातून पाणी प्यायला उठलो. अव्वा स्वयंपाकघरात, सिलिंडर आणि भिंतीच्या मध्ये. हात समोर, नजर लिंगावर. दानेश्वरी आली की उठून वाट द्यायची, पुन्हा बसायची. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी पाणी न पिताच परतलो. खोली परत द्यायला हवी. पण साधना मध्येच मोडणं हाही स्वतःवर अन्यायच. एकवीस दिवस झाले की देईन.

१७ जानेवारी
अव्वा मुरगूडला मामाकडे गेली. भांडण नाही, काही नाही. दाराशी म्हणाली, पाठ दुखतीया, जरा जाऊन येतो. स्वतःला माफ करणं हा पुढचा धडा. केलं. दुपारी पुन्हा करावं लागलं.

२५ जानेवारी
एकवीस दिवस पूर्ण. बुडालेले सात धरून. शिबिराच्या फॉर्मवर घरच्यांनी लिहायचं होतं, साधकात काय बदल दिसला? दानेश्वरीनं लिहिलं, सासूबाई गावी गेल्या. खाली सही, तारीख. फॉर्म दिला नाही.

२६ जानेवारी
सुट्टी. मुरगूडला गेलो. ‘अव्वा, माझं चुकलं’ हे एसटीत पाठ केलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, खोली मोकळी केलीय. ती म्हणाली, ऱ्हातो की अजून, हितं पहाटे कुणी उठवत न्हाई. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, वाळलास रं. ते ध्यान-बिन सोसत न्हाई तुला. एकटाच परतलो.

२७ जानेवारी, पहाटे ५
आरसा जागेवर लावला. सिलिंडर आणि भिंतीच्या मध्ये बसून बघितलं. मांडी घालता येत नाही.